उणे एकचा हिशेब

एका परीक्षेत ६० प्रश्न आहेत. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. एका मुलाने सर्व प्रश्न सोडवले आणि त्याला १३० गुण मिळाले. तर त्याची किती उत्तरे बरोबर आली?

स्पर्धा परीक्षांचे कोणतेही गाइड उघडा, या धाटणीचे उदाहरण सापडणारच. मुलाचे नाव बदलते, आकडे बदलतात, सांगाडा तोच राहतो. मी गणिताचा पदवीधर नाही. मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. त्यामुळे गाइडे, प्रश्नसंच, सराव पुस्तिका सतत हाताखालून जातात. त्यांतली शाब्दिक उदाहरणे वहीत उतरवून घेण्याची सवय वीसेक वर्षांपूर्वी लागली आणि आता एक अख्खी वही केवळ उणे गुणांच्या उदाहरणांनी भरली आहे. एवढ्या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयावर दिवाळी अंकाची पाने का खर्च करावीत, असे कोणी विचारील. ज्या हिशेबावर दरवर्षी लाखो मुलांचे वर्ष टांगलेले असते, तो हिशेब बहुतेक घरांत कोणीच नीट मांडून पाहत नाही, हे माझे उत्तर. २०२४ साली तर याच हिशेबाने साऱ्या देशाला काही दिवस जागे ठेवले. त्याकडे येतोच. वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, एवढी विनंती.

आधी वरचे उदाहरण सोडवू. शाळेत बीजगणित शिकलेला मुलगा क्ष आणि य धरून दोन समीकरणे मांडतो. ते योग्यच आहे, पण पाचवीच्या मुलालाही तोंडी जमेल अशी दुसरी रीत आहे. सगळी उत्तरे बरोबर आली असे समजू. ६० चोक २४०. प्रत्यक्षात मिळाले १३०. तूट ११० ची. आता ही तूट चुकीच्या उत्तरांवर वाटायची.

गाडी अडते ती इथे. अभ्यासिकेत संध्याकाळी माझ्याकडे उदाहरणे घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बरीच जण ११० ला १ ने भागायला धावतात, कारण 'चुकीला १ गुण वजा' हे वाक्य डोक्यात बसलेले असते. मग ६० प्रश्नांत ११० चुका निघतात आणि मूल गोंधळून माझ्याकडे पाहते. मी त्याला विचारतो, तुझे एक बरोबर उत्तर मी पुसले आणि तिथे चुकीचे लिहिले, तर तुझे किती गुण गेले? ते 'एक' म्हणते, मग थांबते, मग हळूच म्हणते, 'पाच.' मिळणार होते ते ४ गेले, वर १ खिशातून गेला. चुकीची किंमत वजा गुणाएवढी नसते, ती वजा गुण अधिक हुकलेले गुण इतकी असते. ११० भागिले ५, म्हणजे २२ चुका. बरोबर ३८. ताळा पाहा: ३८ चोक १५२, त्यातून २२ गेले, राहिले १३०.

गाइडात या जागी एक 'शॉर्टकट' चौकटीत छापलेला असतो: एकूण प्रश्न गुणिले वजा गुण, अधिक मिळालेले गुण, भागिले दोन्ही गुणांची बेरीज. म्हणजे ६० अधिक १३०, १९० भागिले ५, बरोबर ३८. उत्तर येते, पण का येते हे चौकटीत लिहिलेले नसते. खरे तर ही तीच रीत, फक्त दुसऱ्या टोकाकडून. सगळी उत्तरे चुकली असे समजा. गुण झाले उणे ६०. तिथून १३० पर्यंत चढायला १९० पायऱ्या, आणि एक चूक सुधारली की ५ पायऱ्या चढतात. चौकट पाठ करणाऱ्याला हे ठाऊक नसते, म्हणून वजा गुण १ च्या जागी एक तृतीयांश आले की त्याची चौकट डळमळते. मुद्रितशोधक म्हणून अशा चौकटींतले स्वल्पविराम मी इमानाने तपासले आहेत, पण चौकटींविषयी माझे मत चांगले नाही.

हे उदाहरण नवे वाटते, कारण बहुपर्यायी परीक्षा नव्या आहेत. उदाहरणाचा सांगाडा मात्र फार जुना. हमालाने १०० काचेचे पेले पोचवायचे आहेत, अखंड पेल्यामागे ३ रुपये मजुरी, फुटल्यास मजुरी नाहीच, वर ९ रुपये भरपाई, आणि हाती आले २४० रुपये, तर फुटले किती? इथे एका फुटक्या पेल्याची किंमत १२. ३०० मधून २४० गेले, ६० उरले, म्हणजे ५ पेले. कामाला आल्या दिवसाचा पगार आणि खाड्याच्या दिवसाचा दंड असलेले गडीमाणसाचे उदाहरणही याच जातीचे. आणखी मागे गेलो तर सुन्झीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी अंकगणितात, दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, एका पिंजऱ्यात फेझंट पक्षी आणि ससे आहेत: डोकी ३५, पाय ९४. सगळे पक्षीच समजा, पाय ७०, जास्तीचे २४, एका पक्ष्याच्या जागी ससा आला की २ वाढतात, म्हणून ससे १२, पक्षी २३. सशाचे चार पाय आणि पक्ष्याचे दोन यांत फरक २ चा. आपल्या परीक्षेत अधिक ४ आणि उणे १ यांत फरक ५ चा. ऋण वजा करताना बेरीज का होते, याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण या शब्दांत सांगून ठेवले आहेत. ऋण म्हणजे कर्ज, आणि कर्ज फेडलेल्या माणसाला ते नियम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

ही 'समजून चाला' रीत म्हणजे भास्कराचार्यांच्या लीलावतीतले (इ. स. ११५०) इष्टकर्मच, असे कोणी म्हणतात. ते मला पटत नाही. इष्टकर्मात कोणतीही सोयीची संख्या धरायची, तिच्यावर उदाहरणातल्या क्रिया करायच्या आणि आलेल्या उत्तराच्या प्रमाणात ती वाढवायची किंवा घटवायची. तिथे सारे काही प्रमाणात चालते. आपल्या उदाहरणात बरोबर उत्तरे दुप्पट केली म्हणून गुण दुप्पट होत नाहीत. दोन्ही रीती गृहीत धरण्यापासून सुरू होतात, पण एक प्रमाणाने चालते आणि दुसरी फरकाने. भास्कराचार्य आपले म्हणून प्रत्येक युक्ती त्यांच्या नावावर चढवण्याची गरज नाही. त्यांच्या नावावर पुरेसे आहे.

भारतीय गणिताचा खरा संबंध येतो तो पुढच्या पायरीवर. वरच्या उदाहरणातले 'सर्व प्रश्न सोडवले' हे तीन शब्द काढून टाका. आता प्रश्नांचे तीन ढीग झाले: बरोबर, चुकीचे आणि कोरे. परीक्षेत खरोखर असेच असते, आणि गाइडातली उदाहरणे नेमके हेच टाळतात. काही गाइडांत तर हे शब्द छपाईत गळलेले असतात आणि उत्तर मात्र ते असल्यासारखे दिलेले असते. समजा १०० प्रश्न, तेच ४ आणि उणे १, आणि गुण ३०५. पूर्ण ४०० पासून तूट ९५ ची. एका चुकीची किंमत ५ हे आपण पाहिले. कोऱ्या प्रश्नाची किंमत ४; तिथे वरचा १ जात नाही. तेव्हा काही पाच-पाचचे आणि काही चार-चारचे मिळून ९५ व्हायला हवेत. १९ चुका आणि एकही कोरा नाही, असे असू शकेल. १५ चुका आणि ५ कोरे, असेही. ११ आणि १०, ७ आणि १५, ३ आणि २० हेही चालतील. पाच वेगवेगळी मुले, एकाची ८१ उत्तरे बरोबर, दुसऱ्याची ७७, आणि गुणपत्रिकेवर सर्वांचे ३०५. चार चुका कमी करा आणि पाच कोरे वाढवा, गुण हलत नाहीत. पूर्णांकांतच उत्तर हवे असलेल्या अशा समीकरणांसाठी आर्यभटाने (इ. स. ४९९) कुट्टकाची रीत दिली आणि ब्रह्मगुप्त, भास्कराचार्यांनी ती पुढे नेली. इथले आकडे इतके लहान आहेत की कुट्टकाची गरज पडत नाही, पण जात तीच.

आता २०२४. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही परीक्षा ७२० गुणांची: १८० प्रश्न, बरोबरला ४, चुकीला १ वजा. त्या वर्षी प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न छापलेले होते आणि त्यांतले १८० सोडवायचे होते. परीक्षेला तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. निकाल लागला ४ जूनला. ६७ जणांना पैकीच्या पैकी ७२० गुण होते. त्याहून खटकणारी गोष्ट त्यांच्या खालीच होती: काहींना ७१९ आणि ७१८ गुण.

आपली तूट मोजायची रीत इथे लावून पाहू. ७२० पासून खाली येण्याचे दोनच मार्ग आहेत, ४ ची उडी (कोरा प्रश्न) किंवा ५ ची (चूक). पहिली उडी ७१६ किंवा ७१५ वर नेते. दोन उड्यांत ७१२, ७११, ७१०. तीन उड्यांत ७०८ ते ७०५. चार उड्यांत ७०४ ते ७००. तिथून पुढे खाली उणे १८० पर्यंत एकही संख्या सुटत नाही. वर मात्र सहा फटी राहतात: ७१९, ७१८, ७१७, ७१४, ७१३ आणि ७०९. कितीही हुशार वा कितीही दुर्दैवी मूल असो, निव्वळ उत्तरांच्या हिशेबाने हे सहा आकडे त्याच्या गुणपत्रिकेवर येऊच शकत नाहीत.

गणितात हा नाण्यांचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. खिशात फक्त ४ आणि ५ रुपयांची नाणी असतील, तर नेमक्या कोणत्या रकमा सुट्या देता येणार नाहीत? १, २, ३, ६, ७ आणि ११. सर्वांत मोठी न जमणारी रक्कम काढायला दोन्ही नाण्यांचा गुणाकार करून त्यातून दोन्ही नाणी वजा करायची: २० वजा ९, म्हणजे ११. अशा एकूण रकमा किती, तर प्रत्येक नाण्यातून एक वजा करून गुणाकार, आणि त्याचे निम्मे: ३ गुणिले ४, १२, निम्मे ६. दोन नाण्यांना सामाईक विभाजक नसला की हे नियम चालतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने या प्रश्नावर काम केले. नीटच्या गुणांना लागू होणारे हे गणित पेपर छापला जाण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी तयार होते.

हा हिशेब मुलांनी आणि पालकांनी केला. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेचे म्हणणे असे, की काही केंद्रांवर परीक्षेचा वेळ वाया गेला, म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना भरपाईचे गुण दिले. २०१८ च्या क्लॅट प्रवेश परीक्षेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले सूत्र त्यासाठी वापरले. १३ जूनला हे वाढीव गुण रद्द करत असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले, आणि २३ जूनला या विद्यार्थ्यांना फेरपरीक्षेची मुभा मिळाली. ८१३ जण बसले.

इथे एक गोष्ट तोलून सांगायला हवी. ७१९ हा आकडा गैरप्रकाराचा पुरावा नव्हता. त्या वर्षी पेपरफुटीचे आरोप झाले, तपास झाला, ते प्रकरण वेगळे. ७१९ हा पुरावा होता एवढ्याच गोष्टीचा, की या गुणपत्रिकेत चार आणि उणे एक यांखेरीज तिसरे काहीतरी मिसळले आहे, आणि ते काय हे निकालासोबत सांगितलेले नाही. अंकगणित एवढेच सांगू शकते. पण ते जे सांगते ते नाकारता येत नाही, म्हणून खुलासा द्यावा लागला. सहा फटींतल्या दोन बुजल्या नसत्या, वाढीव गुण नेमके ४ किंवा ५ च्या पटीत पडले असते, तर ही गोष्ट इतक्या लवकर कोणाच्या नजरेत आली असती असे मला वाटत नाही.

त्याच निकालात आणखी एक धागा होता. भौतिकशास्त्रात अणूविषयी दोन विधानांचा एक प्रश्न होता. त्याची दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती: एक जुन्या क्रमिक पुस्तकाप्रमाणे, दुसरे नव्या. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि २३ जुलैला एकच उत्तर, चौथा पर्याय, ग्राह्य धरायला सांगितले. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे गुण कमी झाले. किती? पाच. आधीचे चार परत गेले आणि वर एक. ७२० मिळवलेल्या ६७ पैकी ४४ जणांना हा प्रश्न दुसऱ्या पर्यायावर मिळालेला होता. ते ७१५ वर आले. सुधारित निकालात ७२० वर १७ जण उरले.

गुणांतल्या फरकाला अशी ओळखखूण असते, हे मला या विषयातले सर्वांत उपयोगी वाटते. पाचाचा फरक म्हणजे बरोबरचे चुकीचे झाले. चाराचा फरक म्हणजे बरोबर उत्तर यंत्राने कोरे वाचले. एकाचा फरक म्हणजे कोरे आणि चुकीचे यांत अदलाबदल. गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी रडवेली होऊन आली. एका क्लासच्या सराव चाचणीत, नीटच्याच धर्तीवर, तिचा स्वतःचा हिशेब ५६० गुणांचा होता आणि लागले ५४६. 'काका, मी एकही प्रश्न सोडला नव्हता,' ती म्हणाली. क्लासमध्ये तिला सांगितले होते, की यंत्र चुकत नाही.

एकही प्रश्न सोडला नसेल तर तूट पाचाच्या पटीत हवी. ५६० ला तूट १६०, म्हणजे ३२ चुका; ते जुळते. ५४६ ला तूट १७४. पाचाने भाग जात नाही. म्हणजे यंत्राने निदान एक प्रश्न कोरा वाचला आहे, हे पत्रिका न बघता सिद्ध झाले. १७४ मधून एक ४ काढला की १७०, म्हणजे ३४ चुका. एक कोरा, ३४ चुका ही सर्वांत साधी मांडणी. पुढची मांडणी सहा कोरे आणि ३० चुका, ती फारच ओढूनताणून वाटते. मी तिला कागदावर लिहून दिले: 'एक गोळा वाचला गेलेला नाही आणि दोन चुका तुझ्या हिशेबापेक्षा जास्त धरल्या आहेत. पत्रिका पाहायला माग.' पत्रिकेत एक गोळा पुसट निघाला. जास्तीच्या दोन चुका निघाल्या त्या क्लासच्या उत्तरसूचीतल्या. ती दुरुस्त झाली तेव्हा सगळ्या तुकडीचे गुण बदलले. पुसट गोळ्याचे ४ गुण मात्र गेले ते गेले. तिला मिळाले ५५६.

राहिला तो प्रश्न जो मुले सर्वांत जास्त विचारतात: येत नसेल तर ठोकून द्यावे की सोडावे? 'उणे गुण आहेत, अंदाजाने लिहू नका' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो हिशेबाला धरून नाही. कोरा प्रश्न आणि चुकीचा प्रश्न यांत फरक १ चाच. कोरा आणि बरोबर यांत ४ चा. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने एक बरोबर येतो, तीन चुकतात: अधिक ४, उणे ३, हाती १. म्हणजे नीटमधला दंड आंधळ्या अंदाजाला पुरता आळाही घालत नाही. आपल्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात; आकडे वेगळे, प्रमाण तेच चारास एक. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश कापतात. तिथे चार अंदाजांत २ गुण येतात आणि तीन चुकांचे मिळून २ जातात. बाकी शून्य. खरा तोल साधणारा दंड हाच.

पण सरासरी ही अनेक परीक्षांची असते, आणि मूल त्या दिवशी एकच परीक्षा देत असते. नीटमध्ये दहा प्रश्न डोळे मिटून सोडवले तर शंभरातल्या सुमारे ४७ मुलांना फायदा होतो, २८ जणांचे गुण जिथे होते तिथेच राहतात, आणि २४ जणांना तोटा होतो. त्यांतल्या पाच-सहा जणांचे दहाही चुकून पूर्ण १० गुण जातात. तेवीस लाख मुले आणि पडू शकतील अशा गुणसंख्या सगळ्या मिळून ८९५. सरासरीने एकेका गुणावर अडीच हजारांवर मुले उभी असतात, त्यामुळे १० गुण ही लहान गोष्ट नाही. म्हणून मी मुलांना आंधळा अंदाज करा असे सांगत नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर मात्र तीन प्रश्नांत अधिक ४, उणे २ असा हिशेब होतो, आणि दोन खोडता आले तर दोन प्रश्नांत अधिक ४, उणे १. तिथे प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे टाकणे.

राज्यसेवा आणि केंद्रीय सेवा या दोन्ही पूर्वपरीक्षांची मुले आमच्याकडे एकाच लांब टेबलावर बसतात आणि एकमेकांना एकच सल्ला देतात. दोन्हीकडे प्रश्न २ गुणांचा. राज्यसेवेत चार आंधळ्या अंदाजांची सरासरी कमाई अर्धा गुण आहे, केंद्रीय सेवेत काहीच नाही. एक पर्याय खोडल्यावर तीन प्रश्नांमागे राज्यसेवेत १ गुण हाती लागतो आणि केंद्रीय सेवेत दोन तृतीयांश. हे आकडे मी त्या टेबलामागच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवले आहेत. पुसले गेले की पुन्हा लिहितो.